उंचावरची मुळी आणि आपली मात्रा

बोदवडच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात कुटकीच्या काळपट, खडबडीत कांड्या आपण पाहिल्या असतील. जिभेला लावताच तोंड कडू करणारी ही मुळी खानदेशात उगवत नाही. तिचे घर हिमालयात, साधारणतः ३,००० मीटर आणि त्याहून उंचावर आहे. ‘उंच शिखरांवरची, म्हणून अधिक गुणकारी’ असे विक्रेता सांगतो, तेव्हा त्यात तथ्य किती, याचा विचार आज करू.

भुसावळ समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटरवर आहे आणि सातपुड्यातील तोरणमाळ सुमारे १,१५० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान साधारणतः सहा अंशांनी उतरते, तर सूर्याची अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. वनस्पतीला जागा सोडून पळता येत नाही. थंडी, प्रखर ऊन आणि कीड यांपासून बचाव करण्यासाठी ती आपल्या पेशींत विशिष्ट रसायने तयार करते. त्यांतील काही रसायनांनाच आपण औषधी गुण म्हणतो.

ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळच्या डोंगरावर आर्निका या वनस्पतीची एकाच वाणाची रोपे ५९० ते २,२३० मीटरपर्यंत निरनिराळ्या उंचीवर लावून २००६ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. उंचीबरोबर काही फिनॉलवर्गीय द्रव्ये वाढली. मात्र तिच्यातील दुसऱ्या एका महत्त्वाच्या गटात तशी वाढ आढळली नाही. पुढील प्रयोगांत या बदलामागे थंडी हे प्रमुख कारण दिसले. आपल्या कुटकीतही पिक्रोसाइड ही कडू द्रव्ये अधिक उंचीवर जास्त आढळल्याची नोंद हिमालयातील अभ्यासात आहे.

म्हणजे विक्रेता अर्धे खरे बोलतो. उरलेले अर्धे असे, की उंची ही सर्वच वनस्पतींची कसोटी नव्हे. वडीलधाऱ्यांच्या घरात हमखास असणारा इसबगोल गुजरात-राजस्थानच्या सपाट, कोरड्या शेतांत पिकतो. त्याच्या भुशीचे काम पाणी धरून ठेवण्याचे. त्यासाठी शिखराची गरज नाही. ‘शार्ङ्गधरसंहिते’तही विंध्यादी पर्वतांवरील औषधी आग्नेय आणि हिमालयातील सौम्य मानल्या आहेत. तेथे भूमीनुसार गुणभेद सांगितला आहे. उंच तेवढे श्रेष्ठ, असे म्हटलेले नाही.

आता आपल्या घरातील प्रश्नाकडे वळू. मुळीतील द्रव्य जागेनुसार कमीजास्त होत असेल, तर मागच्या पुडीतील एक चमचा आणि नव्या पुडीतील एक चमचा समान असतीलच असे नाही. तरुण शरीर हा फरक सोसून नेते. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला तो जड जाऊ शकतो. कुटकी रेचक आहे. उन्हाळ्यात, पाण्याचे प्रमाण आधीच कमी असताना, जुलाबांनी अशक्तपणा व चक्कर येण्याची भीती असते.

म्हणून काळजी घेणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. मोकळ्या कांड्यांचे चूर्ण घरी करण्याऐवजी वैद्यांनी सांगितलेली, उत्पादकाचे नाव व तुकडी क्रमांक असलेली पुडी घ्यावी आणि ती सुरू केल्याची तारीख वहीत लिहावी. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांबरोबर चूर्णाची पुडीही न्यावी. ‘ते तर आपले घरगुती’ म्हणून ती मागे ठेवू नये. नवी पुडी उघडल्यावर जुलाब, चक्कर, घाम किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास चूर्ण थांबवून त्वरित सल्ला घ्यावा.

मुळी कितीही उंचावरून आलेली असो, तिची मात्रा ती घेणाऱ्याचे वय, आजार आणि चालू औषधे पाहूनच ठरवावी.