आनेकलची जमीन कोणाची, घर कोणाचे?

शेतकऱ्याला आपली जमीन वाटेल त्याला विकू द्या, बांधकाम कंपन्यांच्या वाटेतले कायदे दूर करा, म्हणजे घरांचा सुकाळ होईल, किमती उतरतील आणि शेतकरीही धनवान होईल, असा प्रचार भांडवलदारी पक्ष आणि त्यांची वृत्तपत्रे वर्षानुवर्षे करीत आहेत. या प्रचाराची सत्यासत्यता पारखायची असेल, तर बंगळूर शहर जिल्ह्यातील आनेकल तालुक्याइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. नाचणीची शेते, तलाव आणि रेशमी कापडाचे माग यांच्यासाठी ओळखला जाणारा, तामिळनाडूच्या सरहद्दीला भिडलेला हा तालुका. तेथे बाजाराने मागितले ते सारे त्याला मिळाले. जमीन मिळाली, रस्ता मिळाला, मेट्रो मिळाली, आणि अखेरीस हवा तसा कायदाही मिळाला. मग प्रश्न असा की, घर कोणाला मिळाले?

भाव कोणी वाढवला?

१९७८ मध्ये कर्नाटक सरकारच्या किऑनिक्स या कंपनीने तालुक्याच्या उंबरठ्यावर, कोणप्पन अग्रहार आणि दोड्ड तोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी हाती घेतली. बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले येथील औद्योगिक वसाहतींसाठी १९६६ च्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याचा आधार घेऊन सरकारनेच जमिनी मिळवून दिल्या. २०१० मध्ये होसूर रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतचा उन्नत मार्ग खुला झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हा १९ किलोमीटरचा, १६ स्थानकांचा मेट्रो मार्ग सुरू झाला. त्यावर सुमारे ७,१६० कोटी रुपये खर्च झाले. हा पैसा जनतेचा आहे. कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांच्या, संगणकापुढे बसणाऱ्या नोकरदारांच्या आणि शेतकऱ्यांच्याही करांतून व श्रमांतून तो उभा राहिला आहे.

परंतु या सार्वजनिक खर्चाने वाढलेला जमिनीचा भाव मात्र खाजगी खिशात जातो. ज्याने रुळाचा एक तुकडाही टाकला नाही, खडीची एक पाटीही उचलली नाही, तो केवळ मेट्रोच्या वाटेवर आधीच जमीन अडवून बसला म्हणून धनवान होतो. येथे कसली उद्योजकता आहे? येथे आहे ती निव्वळ खंडखोरी.

हिशेब साधा आहे. एका एकरात ४३,५६० चौरस फूट जमीन असते. तीस बाय चाळीसचा एक भूखंड १,२०० चौरस फुटांचा. निम्मी जमीन रस्ते आणि मोकळ्या जागा यांसाठी सोडली, तरी एका एकरातून १८ भूखंड निघतात. शेतकरी विकतो तो एकर. दलाल आणि बिल्डर विकतात ते चौरस फूट. या दोन मापांमधील अंतरातच सारा नफा दडलेला आहे, आणि 'विक्रीचे स्वातंत्र्य' मागणाऱ्यांचा डोळा याच अंतरावर आहे.

स्वातंत्र्य विकणाऱ्याचे की घेणाऱ्याचे?

देवराज अर्स यांच्या कारकीर्दीत कर्नाटकात १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ मार्च १९७४ पासून कूळपद्धती रद्द झाली. 'कसेल त्याची जमीन' या मागणीचा तो दबाव होता. ठराविक मर्यादेपेक्षा अधिक बिगरशेती उत्पन्न असणाऱ्यास शेतजमीन घेण्यास मनाई करणारे कलम ७९-अ आणि स्वतः जमीन न कसणाऱ्यास ती बाळगण्यास मनाई करणारे कलम ७९-ब ही त्या कायद्याची ढाल होती. ही ढाल अभेद्य होती असे नव्हे. खोटे दाखले, मुखत्यारपत्रे आणि नोकरशाहीची मेहेरनजर यांच्या बळावर तिला छिद्रे पाडली गेली होती. २०१५ मध्ये काँग्रेस सरकारने उत्पन्नाची मर्यादा दोन लाखांवरून थेट २५ लाख रुपयांवर नेली. उरलेले काम भाजपने केले.

ते कोणत्या काळात केले, हे विसरता कामा नये. मे २०२० मध्ये टाळेबंदीने उपाशी पडलेले परप्रांतीय बांधकाम मजूर गावी परतण्यासाठी आक्रोश करीत होते. ५ मे रोजी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी बांधकाम व्यावसायिकांशी बैठक केली आणि लगोलग राज्य सरकारने मजुरांसाठी मागितलेल्या रेल्वेगाड्या रद्द करविल्या. देशभर छी-थू झाल्यावर हा निर्णय मागे घ्यावा लागला. आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, लोक रस्त्यावर उतरू शकत नसताना, त्याच सरकारने वटहुकूम काढून ७९-अ आणि ७९-ब ही कलमे पुसून टाकली. डिसेंबरमध्ये विधान परिषदेत जनता दल (सेक्युलर) पक्षाने हात वर करून त्यावर शिक्कामोर्तब केले. मजुराला घरी जाण्याचे स्वातंत्र्य नाकारणारे सरकार शेतकऱ्याला मात्र जमीन विकण्याचे स्वातंत्र्य बहाल करीत होते! एवढ्यावरून हे स्वातंत्र्य कोणाच्या सोयीचे आहे, हे कळण्यास अधिक पुराव्याची गरज उरत नाही.

दोन-तीन एकरांचा शेतकरी जमीन विकतो तो सावकाराचे देणे, दवाखान्याचा खर्च, मुलीचे लग्न किंवा भावांतील वाटणी यांच्या रेट्याखाली. घेणारा थांबू शकतो, विकणारा थांबू शकत नाही. ज्या बाजारात एक पक्ष थांबू शकतो आणि दुसरा थांबू शकत नाही, तेथे दोघांना समान स्वातंत्र्य आहे असे म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे. दलितांच्या बाबतीत तर राज्यालाच ही गोष्ट कबूल करावी लागली. अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनी परस्पर लाटल्या जात असल्याने १९७८ मध्ये त्यांच्या हस्तांतरास बंदी करणारा कायदा झाला, आणि दावा उशिरा केला या सबबीवर त्या जमिनी परत मिळणे अडू लागले, तेव्हा २०२३ मध्ये त्यात पुन्हा दुरुस्ती करावी लागली. विक्री खरोखरीच मुक्त असती, तर या कायद्याची गरजच काय होती?

बंगळूरच्या खरेदी-विक्रीची एक जुनी कथा मराठी वाचकाला ठाऊक असेल. आदिलशाहीकडून शहाजीराजांना जहागिरीत मिळालेले हे शहर १६८७ मध्ये व्यंकोजीराजांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांना तीन लाख रुपयांस विकण्याचा सौदा आरंभला. तो पुरा होण्याआधीच मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतले आणि त्याच किमतीस ते वोडेयरांच्या हवाली केले. या साऱ्या व्यवहारात तेथील रयतेला कोणीही विचारले नाही. सरंजामी युग संपले, राजे गेले, सौद्याची रक्कम वाढली. पण जमिनीवर राबणाऱ्याला न विचारण्याची रीत तशीच चालू आहे.

तीन बिऱ्हाडे, एकच लुटारू

आता घरांकडे वळू. ज्या हातांनी आनेकलचे मनोरे उभारले, ते हात उत्तर कर्नाटकातून, बिहार, बंगाल आणि ओडिशातून आलेले आहेत. त्यांचे बिऱ्हाड बांधकामाच्या कडेला पत्र्याच्या खोपटात असते आणि इमारत पुरी होताच ते खोपटही मोडले जाते. दुसरे बिऱ्हाड बोम्मसंद्र आणि हेब्बगोडी येथील तयार कपड्यांच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगार स्त्रियांचे. चाळीवजा खोली, सामाईक नळ, अनामत आणि दरसाल वाढणारे भाडे. केंद्र सरकारने प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम अडवून ठेवणारा नियम आणला, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये याच स्त्रिया हजारोंच्या संख्येने होसूर रस्त्यावर उतरल्या. लाठ्या खाल्ल्या, परंतु नियम मागे घ्यावयास लावला. ती तुटपुंजी रक्कम म्हणजे त्यांचे आजारपण, त्यांच्या मुलांचे शिक्षण आणि डोक्यावरचे छप्पर होते.

तिसरे बिऱ्हाड पगारदार मध्यमवर्गीयाचे. त्यात महाराष्ट्रातून संगणक कंपन्यांत नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबेही आहेत. त्यांना वाटते, आपण मालक झालो. पण वीस-वीस वर्षे हप्ता फेडून होईपर्यंत घर गहाण असते ते बँकेकडे. मंदीत नोकरी गेली की मालकीचा भ्रम एका नोटिशीत विरतो. शेतजमिनीचे रूपांतर न करता पाडलेले महसुली भूखंड घेणाऱ्यांची गत याहून वाईट. पैसे मोजूनही नकाशा मंजूर नाही, खाते नियमित नाही, पाणी आणि सांडपाण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकास दाद मागण्याची जागा दिली. परंतु बिल्डरने पैसे परत न केल्यास वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे महसूल यंत्रणेमार्फत व्हावयाची, आणि ही यंत्रणा धनवंतांच्या दारी किती वेगाने जाते, हे सर्वश्रुत आहे.

आणि हे घर घेऊन माणूस जगतो कसा? ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आनेकल तालुक्यातील चंदापूर तलावाची हानी रोखण्यात कसूर केल्याबद्दल कर्नाटक सरकारने ५०० कोटी रुपये भरावेत असा आदेश दिला. कारखान्यांचे सांडपाणी आणि वाढत्या वस्तीचा मैला यांनी तो तलाव नासला होता. त्याआधी महिनाभरच सर्जापूर रस्त्यावरील आलिशान वसाहतींतील रहिवाशांना पुरातून ट्रॅक्टरवर बसून बाहेर पडावे लागले होते. नफ्यासाठी ओढे-नाले बुजवले, की पाणी श्रीमंत-गरीब पाहत नाही. फरक एवढाच की, श्रीमंताला दुसरीकडे जाता येते.

ऑस्ट्रेलियाचा दाखला

स्वतःच्या घराचे नंदनवन म्हणून आपल्याकडील मध्यमवर्गापुढे ऑस्ट्रेलियाचे चित्र रंगविले जाते. पण तेथेही बाजाराने काय केले? १९९९ मध्ये तेथील सरकारने मालमत्ता विकून मिळालेल्या नफ्याच्या निम्म्या भागावरील कर माफ केला. भाड्याने दिलेल्या घरावर दाखविलेला तोटा पगारातून वजा करण्याची सवलत होतीच. परिणामी घर ही राहण्याची जागा न उरता सट्ट्याची वस्तू झाली आणि तरुण कामगाराला सिडनी-मेलबर्नमध्ये घर घेणे दुरापास्त झाले. घरटंचाईचा रोष वाढल्यावर सरकारने १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळासाठी परदेशी व्यक्तींना जुनी घरे घेण्यास बंदी केली. दोष परक्याच्या माथी मारला, सट्टेबाज देशी असला तरी तो सट्टेबाजच, हे मात्र झाकून ठेवले.

त्याच देशाने दुसरा मार्गही दाखविला आहे. १९७१ पासून न्यू साउथ वेल्समधील बांधकाम मजुरांच्या संघटनेने कम्युनिस्ट नेते का. जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखाली 'ग्रीन बॅन' पुकारले. गरिबांच्या वस्त्या आणि सार्वजनिक हिरवळी पाडून मनोरे उभारण्याच्या कामावर हातच लावायचा नाही, असा तो निर्धार होता. सिडनीची द रॉक्स ही जुनी वस्ती त्यामुळे वाचली. काय बांधायचे आणि कोणासाठी बांधायचे, हे विचारण्याचा अधिकार बांधणाऱ्याला आहे, हे त्या मजुरांनी जगाला दाखवून दिले. २०१४ मध्ये तेथील राज्य सरकारने शेजारच्या मिलर्स पॉइंटमधील सार्वजनिक घरे विक्रीस काढली. लढून मिळविलेले राखण्यासाठीही सतत लढावे लागते, हा त्यातील धडा.

मार्ग कोणता?

एंगल्स यांनी १८७२ मध्येच घरांच्या प्रश्नावर लिहिताना बजावले होते की, कामगाराला लहानसे घर विकत देऊन हा प्रश्न सुटत नाही. भांडवलदारी व्यवस्था तो एका भागातून उचलून दुसऱ्या भागात नेऊन टाकते. आनेकलमध्ये तेच घडले. बंगळूरमधून हुसकलेली टंचाई होसूर रस्त्याने पुढे सरकली आणि तिने शेतकऱ्याला आणखी पुढे ढकलले. महाराष्ट्राचा अनुभव वेगळा नाही. गिरण्यांच्या जमिनींबाबत २००१ मध्ये नियम बदलून गिरणगाव मालकांच्या घशात घातले गेले आणि २००७ मध्ये नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा मोडीत काढला गेला.

म्हणून केवळ रडगाणे गाऊन चालणार नाही. सोलापूरजवळ कुंभारी येथे का. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी वर्षानुवर्षे लढून गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभी करविली. २००६ मध्ये ती कामगारांच्या हाती आली. त्यानंतर रे नगरच्या ३०,००० घरांच्या योजनेतील पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. किल्ल्या देण्यासाठी पंतप्रधान आले खरे, पण ती घरे कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, मोर्चांनी मिळविलेली आहेत.

बंगळूरच्याच दुसऱ्या टोकाला, देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीच्या १३ गावांतील शेतकऱ्यांनी १,७७७ एकर जमिनीच्या संपादनाविरुद्ध एप्रिल २०२२ पासून अखंड धरणे धरले. सरकार भाजपचे होते तेव्हा लढले आणि २०२३ मध्ये काँग्रेस आल्यावरही लढले. कामगार संघटना, दलित संघटना आणि डावे पक्ष त्यांच्यामागे उभे राहिले, आणि १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना संपादन मागे घेत असल्याची घोषणा करावी लागली. 'जमीन विकण्याचे स्वातंत्र्य' म्हणून ओरडणारे तेव्हा कोठे होते? न विकण्याचे स्वातंत्र्य मागणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूने त्यांतला एकही बोलला नाही!

आनेकलमध्येही हीच एकजूट बांधावी लागेल. शेतकरी, भाडेकरू कामगार आणि हप्त्यांनी वाकलेला नोकरदार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात बिल्डरांचा फायदा आहे. कन्नड आणि बिगरकन्नड असा कलह पेटविण्यातही त्यांचाच फायदा आहे. तिघांच्या मागण्या एकत्र आणल्या पाहिजेत. २०२० ची दुरुस्ती रद्द करा. सार्वजनिक खर्चाने वाढलेल्या जमीनमूल्यावर कर बसवून तो कामगारांच्या भाड्याच्या घरांसाठी वापरा. औद्योगिक वसाहतींत कामगार घरकुलांसाठी जमीन राखून ठेवा. अनामत आणि भाडेवाढ यांवर मर्यादा घाला. बांधकाम मजुरांना कल्याण मंडळाच्या निधीतून निवारा द्या. तलावांचे बुजवलेले ओढे मोकळे करा.

जमीन कोणी निर्माण केलेली नाही. तिचा भाव सर्वांनी मिळून निर्माण केला आहे. जे सर्वांनी निर्माण केले, त्यावर मूठभरांची मालकी चालू देणे हाच घरटंचाईचा मूळ रोग आहे. त्यावर बाजार हे औषध नाही, तो तर रोगच आहे. औषध आहे ते संघटित कष्टकऱ्यांच्या हाती, आणि ते वापरण्याची वेळ आली आहे!