सुधारणा टिकते कशावर?

हैदराबादेतील सुलतान बाजारातला हिशेबी कापडदुकानदार फळीवरचे जेवढे तागे खपले तेवढेच पुन्हा मागवतो. बाजाराचे हेच सूत्र जपानच्या टोयोटा कारखान्यात ताईची ओनो यांनी यंत्रशाळेत आणले : पुढच्या कामगाराने जेवढे भाग उचलले तेवढेच मागच्याने करावयाचे. आज तिलाच 'लीन' पद्धत म्हणतात. १९५३ साली सुरू झालेली ही रीत सबंध कंपनीत रुजावयास १९६२ साल उजाडले.

आमच्याकडे मात्र नव्याचे नऊ दिवस! हैदराबादेत काय, बेळगावच्या उद्यमबागेत काय, बडा ग्राहक पाहणीस येणार म्हटले की कित्येक कारखान्यांत जमिनीवर पट्टे रंगतात, भिंतीवर तक्ते चढतात; पाहुण्याची पाठ वळताच तक्त्यांवर धूळ साचते.

दोष कामगारांच्या आळसाचा, असे मालक म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. ज्या सूचनेने दोघांचे काम एकावर येते आणि दुसऱ्याच्या हाती नारळ पडतो, ती सूचना पुन्हा कोण करील? १९५० साली टोयोटातही नोकरकपात झाली, संप पेटला, अध्यक्ष किइचिरो तोयोदा यांना पद सोडावे लागले. कामगारांच्या सूचनांची योजना १९५१ साली आली, आणि पुढे टिकली ती नोकरीच्या शाश्वतीवर.

म्हणून कारखानदारांस आमचे सांगणे एवढेच : सुधारणेपायी कोणाचीही भाकरी जाणार नाही, असे लेखी अभिवचन द्या; मोकळे झालेले हात नव्या कामास लावा; आणि पाहुणा नसेल त्या दिवशीही यंत्रापाशी येऊन उभे राहा.