दाभोळला उतरा तर खरे!

धोपाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली तेव्हा गाडीतून उतरून कठड्याशी आलो ते आम्ही दोघेच. बाकीचे काचा वर करून बसलेले. वाशिष्ठीची खाडी ओलांडायची आणि दाभोळ येताच गाडी दापोलीकडे पिटाळायची! एरवी आम्हीही तेच करतो. या खेपेस सौ. म्हणाली, "आज दिवसभर इथेच राहू या की!"

राहिलो. रशियन प्रवासी निकितिन पंधराव्या शतकात याच बंदरातून होर्मुझला निघाला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर लुटले, जाळले. नंतर आदिलशाहीत बांधलेली दगडी मशीद अजून खाडीकाठी उभी आहे. चंडिकादेवीच्या गुहेत समईच्या उजेडात वाकून जाताना सौ.ने माझा हात धरला. किती वर्षांनी, ते आठवेना.

२००३ मध्ये फेरीबोट सुरू झाली आणि चिपळूणचा लांबचा वळसा वाचला. सोयच झाली. पण वाचलेला वेळ आपण पुढच्या गावी पोहोचण्याच्या घाईतच घालवणार असू, तर काय मिळवले? वाटेवरच्या बंदराला एक दिवस देऊन पाहा. मुक्कामाचे ठिकाण कुठे पळून जात नाही!