तोच खडक, नवे चित्र

बदामीची बनशंकरी ही कित्येक मराठी घरांची कुलदेवता. बंगळूरच्या दक्षिणेला कनकपुरा रस्त्यावरही तिचे मंदिर आहे आणि भोवतालच्या मोठ्या वसाहतीला तिचेच नाव मिळाले आहे. या वसाहतीच्या सहाव्या टप्प्याजवळ तुरहळ्ळीचे छोटेसे जंगल आहे: झुडपे, पायवाटा आणि प्रचंड शिळा. कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला एवढे पुरे!

बंगळूरला या छंदाची परंपरा जुनी. १९५३ साली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन करणारे डॉ. जी. थॉमस इथलेच. त्या पिढीने निसर्गचित्राला चित्रकलेची शिस्त दिली. पण पुढे तिचा साचा झाला. धुळीतून येणारे सोनेरी किरण, मेंढरांचा कळप, एखादे एकटे झाड. मग नावीन्य हवे म्हणून आपण लडाखला जातो आणि तिथूनही सगळ्यांनी काढलेलेच चित्र घेऊन येतो.

त्यापेक्षा एकच जागा वर्षभर धरून ठेवावी. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९२२ पासून लेक जॉर्जच्या आपल्या घरावरचे ढगच टिपले. आणि त्या ढगांनी साऱ्या जगाला पाहायला शिकवले.

तुरहळ्ळीत काय टिपाल? एक गंमत पाहा. बंगळूर सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. एरवी दुपारी सावलीत राहणाऱ्या शिळांच्या उत्तर बाजूवर तेव्हा वरून तिरपे, घासून जाणारे ऊन पडते आणि एकेक भेग, एकेक खवला उठून दिसतो. 'दुपारी कॅमेरा बंद' हा जुना नियम इथे खुशाल मोडावा. (पुण्या-मुंबईलाही असे होते, पण साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे निम्मे दिवस ढगांचेच!) पाऊस पडून गेल्यावर हाच करडा दगड काळाभोर होतो.

आणि मागच्या इमारती? बहुतेक जण त्या चौकटीबाहेर ठेवतात. मला ते पटत नाही. २०२१ साली या जंगलात 'ट्री पार्क' करण्याचा बेत निघाला, तेव्हा रहिवासी विरोधाला उभे राहिले. शहर किती जवळ आले आहे, ते चित्रात दिसू द्यावे. खडक पुढे मोठा, इमारती मागे धूसर; अशी चौकट सुंदरही होते आणि दहा वर्षांनी पुरावाही ठरते.

जागा वनखात्याची आहे, तेव्हा प्रवेशाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. उभे राहण्याची जागा ठरवून दर महिन्याला तिथूनच एक फोटो काढावा, मागे तारीख आणि वेळ लिहावी. मोबाईल असला तरी चालेल.