उंच घाट, अपुरा श्वास आणि आपली पुडी

दोन वर्षांपूर्वी एक सायकलपटू कन्या आपल्या आईसह आमच्या चिकित्सालयात आली. वय २१. हिमालयात होणाऱ्या, अनेक टप्प्यांच्या एका शर्यतीस तिला जावयाचे होते. "डॉक्टर, वर गेल्यावर श्वास पुरत नाही म्हणतात. काहीतरी चांगलं चूर्ण द्या," एवढीच मागणी. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली आणि बल्य चूर्णाच्या पुड्या बांधून दिल्या. तीन आठवड्यांनी ती अधिकच थकून परत आली. तेव्हा आईने संकोचाने सांगितले की, मुलीची पाळी पाच महिने आलेली नाही. हा प्रश्न पहिल्याच भेटीत आम्ही विचारावयास हवा होता. तो विचारला नाही, ही चूक आमची. आणि या लेखाचे निमित्तही तीच चूक.

अशा शर्यतीत शरीरावर काय भार पडतो, हे समजण्यासाठी एक उदाहरण पाहू. अमेरिकेतील कोलोरॅडो क्लासिक ही शर्यत २०१९ साली केवळ महिलांसाठी भरविण्यात आली. चार दिवस, चार टप्पे: स्टीमबोट स्प्रिंग्ज, एव्हन, गोल्डन आणि डेन्व्हर. पहिली दोन गावे दोन हजार मीटरहून उंच. सर्वांत खालचे डेन्व्हर सुमारे १६०० मीटरांवर. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराची जी उंची, तो त्या शर्यतीचा जवळजवळ तळ! क्लोई डायगर्ट या अमेरिकन सायकलपटूने त्या वर्षी चारही टप्पे जिंकले. शर्यत पुढे बंद पडली. परंतु महिला अशा उंचीवर सलग चार दिवस पूर्ण वेगाने झुंजू शकतात, हे तिने दाखवून दिले.

दोन हजार मीटरांवर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तेच, सुमारे २१ टक्के, राहते. परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ऐंशी टक्क्यांच्या आत येतो. श्वास वाढतो, मूत्रावाटे व श्वासावाटे जलांश जातो, रक्तातील द्रवभाग घटतो. रक्तकणनिर्मितीचा संदेश काही तासांतच सुटतो, परंतु नवे रक्तकण पुरेशा संख्येने तयार होण्यास कित्येक आठवडे लागतात. हा काळ कोणत्याही पुडीने आखूड होत नाही. येथे एक शब्दभ्रमही दूर करावयास हवा. मराठीत ऑक्सिजनला आपण प्राणवायू म्हणतो. ग्रंथोक्त प्राण हा वाताच्या पाच भेदांपैकी एक. या नामसाम्याचा लाभ घेऊन 'प्राणवायू वाढविणारे' म्हणून कल्प विकणे हे शास्त्राशी व रुग्णाशी, दोघांशीही अप्रामाणिकपणाचे आहे.

याहून गंभीर प्रश्न औषधाच्या घटकांचा. 'श्वास पुरत नाही' हे शब्द ऐकताच आपल्यातील अनेकांना सोमलता आठवते. सोमलतेत एफेड्रिन असते, आणि स्पर्धाकाळात मूत्रातील त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास खेळाडू उत्तेजक द्रव्याच्या आरोपास पात्र ठरते. 'थकवा, अग्निमांद्य' ऐकले की अग्नितुंडी वटी लिहिली जाते. तीत कुचला आहे. कुचल्यातील स्ट्रिक्नीन निषिद्ध द्रव्यांच्या जागतिक यादीत आहे, आणि शोधनाने ते कमी होते, नाहीसे होत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये किर्गिझस्तानच्या एका भारोत्तोलकाचे कांस्यपदक याच द्रव्यामुळे काढून घेण्यात आले. 'वैद्यांनी दिले, मला ठाऊक नव्हते' हा बचाव खेळाडूला वाचवीत नाही. शरीरात जे सापडले त्यास तीच उत्तरदायी. आपण सद्भावनेने दिलेली दहा रुपयांची गोळी एखाद्या मुलीची दहा वर्षांची साधना पुसून टाकू शकते.

मग आपण काही देऊच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. आपल्या शास्त्राचे खरे देणे पुडीच्या आधी येते. बलार्धापर्यंतच व्यायाम, हा आचार्यांचा संकेत शर्यतीच्या दिवशी पाळता येणार नाही. परंतु सरावाच्या व विश्रांतीच्या आखणीत तो आजही मोलाचा आहे. आर्तव हा रसाचा उपधातू. आहार तोकडा आणि श्रम अफाट असतील, तर रस क्षीण होतो आणि त्याची साक्ष प्रथम आर्तवात उमटते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली 'खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता' या नावाने हीच अवस्था मांडली: पाळी थांबणे, अस्थी ठिसूळ होणे, वारंवार आजारपण. घाट चढताना वजन कमी असणे लाभाचे, म्हणून मुली जेवण तोडतात. आणि उंचीवर भूक आधीच मंदावते. अशा मुलीस बल्य चूर्ण देणे म्हणजे रिकाम्या कोठारास रंग देणे होय.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती अशी. खेळाडू मुलगी समोर आली की पाळी, आहार, झोप व पूर्वीचे अस्थिभंग यांची चौकशी प्रथम करावी. ती संकोचत असेल तर एकांतात करावी. पाळी थांबली असल्यास गर्भधारणा व इतर कारणे तपासून घ्यावीत आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. हिमोग्लोबिन व फेरिटिन पाहिल्याविना लोह वा मंडूर देऊ नये. ती कोणत्या स्तरावर खेळते हे विचारावे, आणि दिलेल्या प्रत्येक औषधाचे घटक लिहून तिच्या हाती द्यावेत.

औषधालयचालकांकडेही आमचे मागणे आहे. लेबलवर घटकांची खरी व पूर्ण यादी देणे कायद्याने बंधनकारक आहेच. त्यापुढे जाऊन सोमलता किंवा कुचला असलेल्या कल्पांवर 'स्पर्धक खेळाडूंनी घेऊ नये' अशी एक ओळ छापण्यास कितीसा खर्च येणार? विक्री थोडी घटेल. विश्वास निश्चित वाढेल.

ती कन्या त्या वर्षी शर्यतीस गेली नाही. तपासण्या झाल्या, सराव घटविला, जेवण वाढविले. आईने डब्यात रोज तूप-भाकरी व शेंगदाण्याचा लाडू दिला. चार महिन्यांनी पाळी परत आली. आमची पुडी तिने तेव्हाच बंद केली होती. पुढील वर्षी ती शर्यतीच्या तीन आठवडे आधी उंचीवरील गावी जाऊन राहिली आणि सर्व टप्पे पूर्ण करून आली. तिचा क्रमांक बराच मागचा होता. परंतु त्यानंतर ती भेटावयास आली, तेव्हा तिने औषध मागितले नाही; पुढील हंगामाच्या आहाराचा तक्ता मागितला. आमच्या व्यवसायास याहून मोठे प्रमाणपत्र आम्हांस ठाऊक नाही.