निनावी राहणार कोण?

दारू सोडणे हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्या सभ्य गृहस्थांशी आमचे भांडण आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यासही जे साधले नाही, ते एकट्या व्यसनी माणसाने साधावे काय? 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन गावी शेअरबाजारातला एक गृहस्थ व एक शस्त्रवैद्य, दोघेही मद्यपी, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ उभी राहिली. तेथे फी नाही, आडनाव विचारीत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा हीच अट. परंतु विनोबांच्या गागोदे बुद्रुकसारख्या लहान जन्मग्रामी निनावी राहणार कोण? गुत्त्यावर जाणाऱ्यास आपण हसून सोडतो, बैठकीस जाणाऱ्यास मात्र डाग लावतो! अशा बैठकीसाठी परगावी निघालेल्यास एस.टी.त ‘कोठे निघालात?’ एवढे तरी विचारू नये.