लेन्सला हात लावायच्या आधी

जुना फिल्म कॅमेरा घेतलेल्या माणसाचे पहिल्या रोलचे फोटो धूसर आले की तो हमखास लेन्सला शिव्या घालतो. आमच्या कोल्हापुरात तर निकाल लगेच लागतो: "लेन्स बाद हाय भावा, दुसरी घे." माझं स्पष्ट मत आहे की दहातल्या निम्म्या वेळा तरी लेन्स बिचारी निर्दोष असते. (हा आकडा मोजलेला नाही, अंदाज आहे. भांडायला या.)

तर मुद्दा असा. एसएलआर कॅमेऱ्यात उजेडाला दोन रस्ते असतात. एक लेन्समधून सरळ मागे फिल्मवर. दुसरा आरशावर आपटून वर, फोकसिंग स्क्रीनच्या दुधी काचेवर, आणि तिथून आपल्या डोळ्यात. फोकस आपण दुसऱ्या रस्त्यावर करतो, फोटो पहिल्यावर निघतो. दोन्ही रस्त्यांची लांबी तंतोतंत सारखी आहे या भरवशावर सगळा कारभार चाललेला असतो. आम्हा प्रोग्रामर लोकांना हे दुखणं ओळखीचं आहे. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवली की कधीतरी त्या दोघींचं जमेनासं होतं.

फरक किती लागतो? ५८ मिलिमीटरची लेन्स एफ २ वर उघडी ठेवली आणि स्क्रीन फक्त ०.१ मिलिमीटर चुकीच्या जागी असली, तर एक मीटरवर फोकस अडीच-तीन सेंटिमीटर सरकतो. पाच मीटरवर तोच फरक पाऊण मीटरच्या जवळ जातो. पाऊण मीटर! म्हणजे फोकस नवरदेवावर आणि स्पष्ट येतो पुढे उभा असलेला मामा.

माझ्या एका मित्राने असाच एक एम४२ आट्याचा कॅमेरा घेतला. आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा अख्खा रोल काढला. छत्तीस फोटोंत आजीचे मांडीवरचे हात स्वच्छ, बांगड्यांवरची नक्षीसुद्धा मोजता येईल, आणि चेहरा मात्र धुक्यात. आजी थकलेली, पुन्हा बसवायची म्हणजे तिला त्रास. याने तोवर लेन्स कुणाकडून तरी उघडून घ्यायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, आधी कॅमेरा इकडे आण.

बघा, हात पुढे आहेत आणि चेहरा मागे. सगळ्याच फोटोंत फोकस पुढे सरकलाय. हात हलल्याने धूसर झालं असतं तर सगळंच धूसर असतं. लेन्स मऊ असती तर बांगड्या एवढ्या खणखणीत आल्या नसत्या. म्हणजे फोटो नीट निघतोय, फक्त चुकीच्या जागी. संशय आरसा आणि स्क्रीनवर.

खात्री करायला एक रुपयाही लागत नाही. फिल्म काढा, मागचं झाकण उघडा, शटर 'बी' वर ठेवून केबल रिलीजने उघडं धरा. काचेच्या छोट्या पट्टीला दुधी चिकटपट्टी लावा आणि पट्टीची बाजू लेन्सकडे करून ती आतल्या रुळांवर टेकवा, म्हणजे फिल्म जिथून सरकते तिथेच. लेन्स पूर्ण उघडी, रिंग अनंतावर. आम्ही गच्चीवरून पन्हाळ्याकडे रोखला. वीसेक किलोमीटर म्हणजे लेन्सच्या हिशेबी अनंतच. भिंगातून पाहिलं तर पट्टीवर डोंगराची उलटी कड धारदार. लेन्स सुटली! मग शटर मिटवून व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं, तर पन्हाळा अनंताच्या खुणेच्या बराच अलीकडे स्पष्ट होत होता आणि खुणेवर पुन्हा विरघळत होता. स्क्रीन जास्त लांब बसलीय, एवढाच त्याचा अर्थ.

स्क्रीन काढली तर खाली पोस्टकार्डाच्या जाडीची कागदी पट्टी निघाली. कुणा पूर्वीच्या मालकाची किंवा कारागिराची करामत, काय साधायचं होतं देव जाणे. पट्टी काढली, दोन्ही रस्ते जुळले.

उलटा प्रकार जास्त घातक. स्क्रीन जवळ बसली असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लांबचं कधीच स्पष्ट होत नाही, फोटो मात्र अनंतावर ठीक येतो. लोक घाबरून लेन्सचा अनंताचा अटकाव सरकवतात. आता डोळ्याला छान दिसतं आणि फोटो बिघडतात, शिवाय ती लेन्स दुसऱ्या कुठल्याच बॉडीवर धड चालत नाही. एम४२ मध्ये आट्याच्या तोंडापासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर ठरलेलं आहे. आपल्या एका बॉडीच्या दुखण्यापायी लेन्सचा तो करार मोडायचा, हे मला अजिबात पटत नाही. हो, हेलिकॉइड उघडून ग्रीस भरलेली लेन्स असेल तर गोष्ट वेगळी. आटे चुकीच्या जागी धरले की दोष खरोखर लेन्समध्येच येतो. पण तो काचपट्टीवर दिसतोच की.

गंमत म्हणजे हा गोंधळ आरशाचा. सुरुवातीच्या हाताने फिरवायच्या अनेक सिनेकॅमेऱ्यांत चित्र मागून थेट फिल्मवरच बघून फोकस करत, दुसरा रस्ताच नव्हता. आनंदराव पेंटर १९१६ साली गेले आणि त्यांचं अपुरं राहिलेलं कॅमेऱ्याचं काम बाबूराव पेंटरांनी १९१८ पर्यंत याच गावात तडीस नेलं. 'सैरंध्री' आला १९२० मध्ये. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, आपण त्याला वळसा घालून भाजी आणायला जातो. ज्या गावात कॅमेरा घडवला गेला, तिथे निदान काचपट्टी धरून बघायचा आळस करू नये, एवढाच माझा हट्ट.

विकणाऱ्यांचं एक सांगून थांबतो. "वर्किंग कंडिशन" म्हणजे बहुतेक वेळा "शटर वाजतं". दुकानात काचपट्टी घेऊन जा आणि झाकण उघडू द्या म्हणा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. पावसाळ्यात लेन्समध्ये वाढणाऱ्या बुरशीचं प्रकरण निराळं आहे, त्यावर पुढच्या शनिवारी.